डबीतला तीन पात्यांचा चाकू

मी एक जुना चाकू आहे, मित्रांनो. घडीचा, खिशात मावणारा आणि तीन पात्यांचा. माझ्या एका टोकाला एक मोठे पाते आहे, दुसऱ्या टोकाला दोन लहान. मोठ्याने लाकडाचा नको असलेला भाग तासून काढायचा, मधल्याने वळण द्यायचे आणि सर्वांत बारक्याने डोळे, चोच, पिसे कोरायची. लाकूड कोरणाऱ्या माणसासाठीच आमची जात घडवली गेली. आमच्या जातीला स्वतःविषयी बोलायची सवय नसते. पण मी आता म्हातारा झालो आहे आणि म्हाताऱ्याला बोलताना अडवायला सहसा कोणी जात नाही. माझ्या आयुष्यात कौतुक पुष्कळ झाले आणि एक फार वाईट गोष्ट घडली. मी तुम्हांला दोन्ही सांगणार आहे.

माझा जन्म कुठल्या तरी थंड परमुलखात झाला. गावाचे नाव माझ्या मोठ्या पात्याच्या मुळाशी कोरलेले होते, पण आता ते मलाही वाचता येत नाही. भट्टीतून काढून मला तेलात बुडवले, तेव्हा अंगातून निघालेला चर्र आवाज तेवढा आठवतो. नंतर कोणाच्या कोणाच्या खिशातून फिरत मी पक्षी बघण्याचे वेड असलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे आलो. ते दर हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला भिगवणच्या बाजूला येत. एका वर्षी माझी एक बाजू फुटली, हाडाची मूठ निखळली आणि त्याच दिवशी ते मला होडीत विसरून गेले.

ती होडी डाळज गावच्या मानसिंगची होती. मानसिंगची थोडी जमीन होती, तिची एक कड उजनीच्या फुगवट्याला लागलेली. थंडीत पक्षी आले, की त्याची होडी पाहुण्यांना फिरवायची. एरवी तिच्यातून मासेमारी चाले. त्याने मला टोपीत गुंडाळून दोन हिवाळे सांभाळले. "त्यांची वस्तू हाय, त्यांनाच द्याची," असे तो बायकोला, बनाबाईला सांगायचा. तिसऱ्या हिवाळ्यात ते गृहस्थ वारल्याचे कळले. तेव्हा कुठे मानसिंगने मला आपले मानले आणि भिगवणच्या बाजारात अल्लाबक्षच्या दुकानात नेले.

अल्लाबक्षचे दुकान म्हणजे दोन माणसे बसली तर तिसऱ्याने बाहेर उभे राहायचे, एवढेच. कुलपे, छत्र्या, बॅटऱ्या, कात्र्या, जे मोडेल ते तिथे यायचे. त्याने मला उलटसुलट करून पाहिले. तिन्ही पाती नखाने उघडली आणि कानाशी धरून मिटली. मी मिटताना टक्क असा आवाज करतो. तो ऐकून अल्लाबक्ष हसला.

"मानसिंगराव, ह्ये पोलाद आता व्हत न्हाय. मूठ मी शिसवीची बसवतो. पण याक ध्यानात ठिवा, ह्याचा जीव पात्यात न्हाय, सांध्यात हाय. हितं पाणी मुरू द्यायचं न्हाय. मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा आन रोज उघड-मीट करायची."

"रोज?"

"रोज. माणसाचं गुडघं तरी काय येगळं असत्यात?"

पुढची बारा वर्षे माझ्या सुखाची होती. पाहुण्यांची वाट पाहत मानसिंग काठावर बसायचा आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून रोहित पक्षी कोरायचा. लांब वाकडी मान, खाली वळलेली चोच, आणि पायांना सायकलच्या चाकातली जुनी तार. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. पक्षी रोज डोळ्यांसमोर होते, लाकूड हातात होते आणि मी होतो. लाकडाच्या ढलप्या त्याच्या मांडीवर पडत राहायच्या, बनाबाई त्या गोळा करून चुलीला लावायची आणि "आज किती पाखरं जाळली?" म्हणून त्याला चिडवायची. मुंबईची माणसे ते पक्षी हातात घेऊन हरखून जात. मला त्याचा अभिमान वाटे. खोटे कशाला बोलू, फार वाटे.

त्याचा एकुलता एक मुलगा मल्हार. तो बापाशेजारी बसून कोरायला शिकला, पण त्याचा जीव लाकडापेक्षा इंजिनात. त्याने कोरलेला पक्षी बदकासारखा दिसायचा आणि ते त्यालाही ठाऊक होते. पुढे तो मोठा झाला, होडीला त्याने मोटर बसवली आणि होडी तोच चालवू लागला. पाण्यात लोकांनी सोडून दिलेली जाळी असतात, तंगुसाची. तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक, पाण्यात न दिसणारा दोरा. तो मोटरीच्या पंख्यात गुंतला, की मल्हार मला मागून घ्यायचा, होडीच्या मागच्या कडेवर पालथा पडायचा आणि माझ्या मधल्या पात्याने दोन झटक्यांत पंखा मोकळा करायचा. मला मिटून बापासमोर फळीवर ठेवायचा आणि दर वेळी तेच बोलायचा.

"आबा, पाखरं कोरायला ठिवलायसा ह्याला. ह्यो तर जाळ्यासाठी जन्माला आलाय."

मानसिंगला ते आवडायचे नाही आणि मला आवडायचे.

मग एका हिवाळ्यात ऋषिराज आला. पुण्याचा तिशीतला मुलगा, गळ्यात दुर्बीण, पण पक्ष्यांकडे लक्ष कमी. मानसिंगच्या हातात मला पाहिले आणि तो होडीत उभाच राहिला; होडी कलंडायची वेळ आली.

"काका, हा व्हिटलर जातीचा चाकू आहे! तीन पात्यांचा! निदान ऐंशी वर्षांचा असेल. आणि तुम्ही याने लाकूड कापता?"

मानसिंग गोंधळला. "मग काय कापायचं?"

"काहीच नाही. हा जपून ठेवायचा. माझ्याकडे साठ चाकू आहेत काका, पण असा एकही नाही. आता वापरू नका. पातं झिजलं, की गेला. आणि पाणी अजिबात लावू नका. अधूनमधून मशीनचं तेल लावा."

लाकूड कोरणाऱ्यासाठी घडवलेल्या चाकूने लाकूड कोरू नये, हे शहाणपण मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण ऋषिराज मनाने वाईट नव्हता. पुढच्या खेपेला त्याने माझ्यासाठी निळ्या मखमलीची डबी आणली. गावात बातमी झाली. मानसिंगच्या घरी ऐंशी वर्षांचा चाकू आहे, हे बघायला माणसे येऊ लागली. ज्याला आयुष्यात कोणी विशेष विचारले नव्हते, त्या माणसाच्या घरी लोक चहाला थांबू लागले. त्याचे मन फुलले, यात त्याचा काय दोष? मीही फुललो होतो.

मानसिंगलाही मग चाकू जमवायचा नाद लागला. बारामतीच्या भंगारवाल्याकडून एक, इंदापूरच्या बाजारातून दोन, असे करत काचेच्या कपाटात अकरा चाकू झाले. मधोमध मी, मखमलीवर. कोरायला त्याने बाजारातला एक साधा चाकू आणला. त्याने पक्ष्याची मान यायची, पण डोळा येत नव्हता. हळूहळू कोरणेच थांबले.

अल्लाबक्ष एकदा घरी आला आणि त्याने ते कपाट पाहिले. जाताना एवढेच म्हणाला, "मानसिंगराव, चाकू जितराबावानी असतोय. दावणीला बांधून ठिवला तर आखडतोय. महिन्याला याकदा माझ्याकडं आणा, मी सांध्यात तेल घालतो."

"आणतो की," मानसिंग म्हणाला. तो कधी गेला नाही.

मल्हारनेही मला मागितले होते. तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही. कपाटाच्या काचेवर बोट ठेवून तो म्हणाला, "आबा, तीन पात्याचा मला द्या बोटीवर. जाळी लई झाल्यात आवंदा."

"त्यो आता वापरायचा न्हाय."

"आवो, मग त्याचा उपेग काय?"

"बोटीत कोयता हाय की तुला. आन पडला पाण्यात, तर कुठं शोधू मी?"

मल्हार हसला आणि निघून गेला. तो हट्ट करणारा मुलगा नव्हता. त्याने हट्ट करायला हवा होता, मित्रांनो.

डबीतून मी वर्षातून एकदाच बाहेर यायचो, खंडेनवमीला. नवरात्राच्या नवव्या दिवशी घरातली सगळी हत्यारे धुऊन-पुसून पूजेला लावायची, त्या दिवशी त्यांना विसावा द्यायचा आणि दसऱ्याला पुन्हा पूजा करून मगच उचलायची, अशी आमच्याकडची रीत. बनाबाईचे माहेर पणदऱ्याचे, मोठ्या शेतीचे. तिथे खंडेनवमी म्हणजे घरभर लगबग. ती रीत तिने डाळजला आणून मनापासून पाळली. खुरपी, विळे, कोयता, मोटरीचा पाना, एवढेच काय, घरातली कात्रीसुद्धा ती पाटावर मांडायची. मी तर तिच्या दृष्टीने सगळ्या हत्यारांचा राजा. मला ती तांब्याच्या भांड्यासारखी चिंच लावून घासायची, तांब्याभर पाण्याने धुवायची, पदराने पुसायची. मग हळद आणि कुंकू, बोटाने, ठसठशीत. आणि त्यावर समईतले गोडे तेल.

"मशीनचं तेल लावायचं म्हणत हुता त्यो पुण्याचा," मानसिंग एकदा म्हणाला होता.

"देवाम्होरं ठेवायच्या वस्तूला मशीनचं तेल? अवं, काय बोलताय!" बनाबाईने त्याला गप्प केले.

तिची बोटे मऊ होती आणि ती माझ्याशी फार मायेने वागायची. पण पाणी सांध्यात उतरायचे. हळद उतरायची, कुंकू उतरायचे, वरून गोडे तेल. मग डबी बंद, पुढच्या नवमीपर्यंत. गोडे तेल वर्षभरात डिंकासारखे घट्ट होते. पहिल्या वर्षी मला थोडे जड वाटले. दुसऱ्या वर्षी मोठे पाते हलेना. तिसऱ्या वर्षी तिन्ही पाती जिथल्या तिथे बसली. ओरडून सांगता आले असते, तर सांगितले असते. मी वरून चमकत होतो आणि आतून बंद झालो होतो, आणि ते पाहायला मला कोणी उघडतच नव्हते.

चौथ्या वर्षीची खंडेनवमी आली. बनाबाईने होडीतला कोयताही आणून पाटावर ठेवला. दर वर्षी ती आणायची, कारण नवमीला आणि दसऱ्याच्या सकाळी होडी पाण्यात जात नसे. पण दसऱ्याला पहाटेच ऋषिराजचा फोन आला. सुट्टी आहे, चाकूचे फोटो काढायचे आहेत, होडीत, पाण्यावर, जिथे तो पहिल्यांदा दिसला तिथे. मानसिंगला नाही म्हणवेना. एवढ्या लांबून माणूस येतो तर यावा, असे त्याला वाटले आणि खरे सांगायचे तर फोटोचा मोहही होताच.

"पूजा हुईस्तवर हत्यार उचलू न्हाई," बनाबाई दारात आडवी आली.

"कोयता कुठं उचलतोय मी? ह्यो चाकूच नेतो. ह्यो काय कामाचा हाय का? फोटो काढून आणतो, तासाभरात."

विचार करून बनाबाई बाजूला झाली. माझ्यावरचे कुंकू तिने पदराने हलकेच टिपले आणि मला डबीत ठेवून दिले.

सकाळचे नऊ वाजले असतील. पाणी भरलेले होते, वारा होता. होडीत तिघे होते. ऋषिराज पुढे, अंगात पाण्यावर तरंगवणारे केशरी जाकीट. मानसिंग मधे, खिशात माझी डबी. मल्हार मागे मोटरीशी. काठापासून बरेच आत गेल्यावर पाण्याखाली बुडालेल्या जुन्या बाभळी आहेत, धरण होण्याआधीच्या. तिथे मोटर एकदम घरघरली आणि बंद पडली. पंख्यात जाळे. ते जाळे खाली बाभळीला अडकलेले होते, त्यामुळे मोटर वर उचलताही येईना.

मल्हारने सवयीने फळीखाली हात घातला. कोयता नव्हता.

"आबा, कोयता?"

"पूजेत हाय."

"बरं, हातानं सोडवतो," म्हणून त्याने अंगातले जाकीट काढले, कारण जाकिटात बुडी मारता येत नाही, शर्टही काढला, आणि तो पाण्यात उतरला. त्याला पोहायला उत्तम येत होते. दोन वेळा खाली जाऊन आला. तिसऱ्यांदा वर आला, तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"आबा, पाय गुतलाय. चाकू द्या. उघडून द्या."

घाबरलेला नव्हता तो. नेहमीसारखेच बोलला. मानसिंगने डबी काढली, मला काढले. मोठ्या पात्याच्या खाचेत नख घातले आणि ओढले.

मी उघडलो नाही.

त्याने पुन्हा ओढले. नख तुटले. मधल्या पात्याला दुसरे नख, तेही सरकले. बारक्या पात्याची तीच गत. वाऱ्याने होडी बाजूला ढकलली जात होती आणि होडीबरोबर जाळे ताणले जात होते. मल्हारची हनुवटी पाण्याला टेकली.

"आबा, लवकर!"

ऋषिराजने मला मानसिंगच्या हातातून घेतले, त्यानेही खटपट केली, मग मला परत त्याच्या हाती देऊन वल्हे पुढे धरले. मल्हारने वल्हे धरले, पण पाय खालून सुटेना. मानसिंगने मला दातात धरले आणि सगळा जीव लावून ओढले. कड असा आवाज आला. मला वाटले, पाते निघाले. त्याचा दात तुटला होता. तिसरी हाक आलीच नाही. वल्ह्यावरचा हात सुटला.

मग मानसिंगने मला होडीच्या लोखंडी कडेवर आपटले, एकदा, दोनदा, पाच वेळा. शिसवीची मूठ तडकली आणि मोठे पाते अर्धे बाहेर आले. मला तसाच मुठीत धरून त्याने पाण्यात उडी घेतली. खाली अंधूक हिरव्या पाण्यात त्याने माझ्या अर्ध्या पात्याने ते जाळे कापले. दोन झटक्यांत कापले, मित्रांनो. माझी धार शाबूत होती. दोन झटक्यांचेच काम होते ते.

मल्हारला वर आणले तेव्हा फार उशीर झाला होता. दुसरी एक होडी धावत आली, भिगवणच्या दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी मान हलवली. मी होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पडून होतो. पोलिसांनी पंचनाम्यात माझीही नोंद घेतली: एक जुना घडीचा चाकू, पाते अर्धवट उघडे. ऋषिराज काठावर बसून रडत होता. त्यानंतर तो डाळजला कधी आला नाही.

घरी पाटावर हत्यारे तशीच मांडलेली होती. झेंडू सुकेपर्यंत ती कोणी उचलली नाहीत.

तेराव्यानंतर मानसिंग मला रुमालात बांधून अल्लाबक्षकडे घेऊन गेला. दात तुटल्यापासून त्याच्या बोलण्यात वारा यायचा. तो म्हणाला, "भाई, ह्याला खोल. का उघडला न्हाय, त्येवढं मला सांग."

"सोडा मानसिंगराव. कळून काय करणार?"

"खोल."

अल्लाबक्षने माझे खिळे ठोकून काढले आणि माझ्या मुठीची दोन्ही कवाडे वेगळी केली. खाली त्याने एक कोरा कागद अंथरला होता. एका बारीक सळईने तो माझे सांधे खरवडू लागला. कागदावर आधी काळपट चिकट काही पडले. त्याखाली पिवळे. त्याखाली लाल, थरावर थर, वाळलेल्या डिंकासारखे. अल्लाबक्षचा हात थांबला. त्याने ते बोटाने चुरडले आणि नाकाशी नेले. दुकानाबाहेर गिऱ्हाईक उभे होते, त्याला त्याने हातानेच जायला सांगितले.

"गंज हाय?" मानसिंगने विचारले.

अल्लाबक्षला खोटे बोलायचे होते, मला ते दिसत होते. पण मानसिंगला डोळे होते.

"कुकू हाय," मानसिंग स्वतःच म्हणाला. "हळद-कुकू."

 मग मानसिंगने तो कागद घडी करून खिशात घातला.

"भाई, तिला कळता कामा न्हाय. ती मरंल. गंजला हुता म्हणून सांगायचं. मी डबीत घालून ठिवला, तेल घातलं न्हाय, गंजला. माझ्यामुळं. कळलं?"

"कळलं," अल्लाबक्ष म्हणाला. त्याने मला साफ केले, मशीनचे तेल घातले, तडकलेली मूठ पितळी पट्टीने आवळली. मी पुन्हा टक्क वाजलो. त्या आवाजाने मानसिंग दुकानाच्या पायरीवर खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

घरी येऊन त्याने बनाबाईला सांगितले, "गंजला हुता. माझी चूक."  त्याने बाकीचे दहाही चाकू भंगारवाल्याला नेऊन दिले. मला मात्र त्याला टाकवेना आणि वापरवेना. मी रिकाम्या कपाटात पडून राहिलो. होडी काठाला उलटी घालून ठेवली होती. संध्याकाळी दोघे ओसरीवर बसत आणि दोघांत चार शब्दही होत नसत. तिला जपण्यासाठी तो गप्प आहे, हे मला ठाऊक होते. ती का गप्प आहे, हे मला पुढच्या खंडेनवमीपर्यंत कळले नाही.

त्या दिवशी तिने पाट मांडला. मानसिंगला वाटले होते, यंदा ती काही करणार नाही. पण तिने एकेक करून खुरपी आणली, विळे आणले. कोयत्यापाशी ती थांबली. तो गेले वर्षभर दाराआड पडून होता. तो उचलून ती बाहेर गेली, उलट्या होडीखाली फळीला बांधून ठेवून परत आली. मग तिने कपाट उघडून मला काढले. मानसिंग उठून उभा राहिला.

"त्याला नगं. त्याला पाणी लावू नगं."

"न्हाय लावत," ती म्हणाली. तिने कमरेच्या पिशवीतून एक लहानशी बाटली काढली. शिवणाच्या मशीनच्या तेलाची. टोपण काढून तिने माझ्या सांध्यावर एक थेंब सोडला, अगदी नेमक्या जागी.

मानसिंग पुढे आला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या सदऱ्याच्या खिशात कागुद हुता. धुवायला घेतला तवा घावला. घडी उलगडली, आन वास आला." ती माझ्याकडेच बघत बोलत होती. "गंजाला हळदीचा वास येत न्हाय."

"वरीस झालं... तू बोलली न्हाईस."

"तुमी मला जपत हुता. मी मनात म्हनलं, जपू दे. त्यांच्याकडं आता दुसरं हाय काय जपायला?"

"बने, तुझी चूक न्हाय. मी डबीत ठिवला. पोरानं मागितला, मी दिला न्हाय."

"पूजा मी केली. डबीत तुमी घातला." ती थांबली. "आन पाण्यात त्यो गेला."

एवढे बोलून तिने नखाने माझे मोठे पाते उघडले. मग मधले. मग बारके. मी तिन्ही वेळा उघडलो. तिने ती तिन्ही मिटली, मला फडक्याने कोरडे पुसले आणि पाटावर ठेवले नाही, मानसिंगच्या खिशात घातले. दोघे तिथेच जमिनीवर बसले. त्या दिवशी त्या घरात वर्षभराचे रडणे झाले.

मित्रांनो, मी पूजेवर रागावलेलो नाही. बनाबाईची बोटे माझ्यावरून फिरली, तेवढी माया मला परमुलखातही मिळाली नव्हती. माझे मागणे साधे आहे. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यावर नुसते प्रेम करू नका, तिला रोज हातात घ्या. उघडून बघा, मिटून बघा. तिला काय हवे, ते तिच्या कामाच्या माणसाला विचारा आणि त्याचे ऐका. हळद-कुंकू लावायचे तर लावा, पण संध्याकाळी पुसून तेलाचा थेंब सोडा. आणि पाण्यात जाणाऱ्या होडीतला कोयता कोणत्याही सणाला घरी आणू नका.

मानसिंग आता मासेमारीला जातो, एकटाच. पक्षी त्याने पुन्हा कोरले नाहीत. लाकूड हातात घेतो आणि खाली ठेवतो. मी त्याच्या खिशात असतो. रोज सकाळी तो निघायच्या आधी बनाबाई दारात हात पुढे करते, तो मला तिच्या हातावर ठेवतो. ती माझी तिन्ही पाती उघडून बघते, मिटते आणि मला परत देते. मग त्याला जाऊ देते.

मी रोज उघडतो. आता मला उघडायला एक नख पुरते.